अंधारात वाढवलेला गहू, उजेड आणि हरितद्रव्याची एन्झाइम्स: प्रकाशात पीओआर कामाला लागतं की संपतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गव्हाची रोपं आठवडाभर पूर्ण अंधारात वाढवली. उजेडात आणल्यावर पहिले दोन-तीन तास पानं पिवळीच राहिली आणि मग भराभर हिरवी झाली. खिडकीत थेट उन्हात ठेवलेला ट्रे मात्र हिरवा न होता पांढरट पडून सुकला. पुस्तक सांगतं, ‘पीओआर हे एन्झाइम प्रकाशात काम करतं.’ (पीओआर म्हणजे प्रोटोक्लोरोफिलाइड ऑक्सिडोरिडक्टेज, हरितद्रव्य बनण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम.) एक शोधनिबंध सांगतो, ‘प्रकाशात पीओआर झपाट्याने नाहीसं होतं.’ आणि मार्गदर्शक म्हणतात, ‘प्रकाशामुळे हरितद्रव्याची एन्झाइम्स तयार होतात.’ यातलं खरं कोणाचं?

तिघांचंही खरं आहे, पण प्रत्येकाचं वेगळ्या वेळेपुरतं आणि वेगळ्या एन्झाइमपुरतं. घोळ झालाय तो ‘प्रकाशाचा परिणाम’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन निराळ्या गोष्टी कोंबल्यामुळे. प्रकाश एका रासायनिक अभिक्रियेत थेट भाग घेतो, ते काम सेकंदाच्या आत उरकतं. प्रकाश निरोपही देतो आणि त्यावरून जनुकं चालू-बंद होतात, त्याला मिनिटं-तास लागतात. आणि प्रकाश इजाही करतो, ती कधी होईल हे पानात त्या क्षणी काय साठलंय त्यावर ठरतं. वनस्पती शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत याच पिवळ्या रोपांशी माझा बराच काळ गेला आहे. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचे निम्मे गोंधळ ही तीन कामं वेगळी केली की आपोआप सुटतात.

आधी अंधारातल्या पानाबद्दल. ते पिवळं दिसतं म्हणून त्यात हरितद्रव्याची तयारीच नाही, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तयारी जवळजवळ पूर्ण झालेली असते. ग्लुटामेट या साध्या अमिनो आम्लापासून एएलए, म्हणजे अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल बनतं. एएलएचे आठ रेणू जोडून मोठं वलय तयार होतं, त्यात पुढे मॅग्नेशियम बसतं, आणि साखळी प्रोटोक्लोरोफिलाइड या हरितद्रव्याच्या आधीच्या रंगद्रव्यापर्यंत पोचते. सपुष्प वनस्पतींमध्ये ती अंधारात इथेच अडते. इथून पुढे क्लोरोफिलाइड, म्हणजे शेपूट जोडण्याआधीचं क्लोरोफिल (हरितद्रव्य), व्हायला एकच बदल पुरतो, वलयाच्या एका कोपऱ्यातला एक दुहेरी बंध कमी करून दोन हायड्रोजन जोडायचे. हे काम पीओआरचं, आणि ते प्रकाशाशिवाय होत नाही.

मग अंधारात प्रोटोक्लोरोफिलाइड साठतच का जात नाही? कारण वरचा पुरवठा खालच्या साठ्यावरून बंद होतो, पाणी वर आलं की टाकीतला बॉलकॉक नळ बंद करतो तसा. हा बॉलकॉक म्हणजे फ्लू नावाचं प्रथिन. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत ते २००१ साली सापडलं. एएलएच्या वाटेवरचं पहिलं महत्त्वाचं एन्झाइम, ग्लुटामिल-टीआरएनए रिडक्टेज, ते रोखून धरतं. याच वाटेवरून बनणाऱ्या हीम या लोहयुक्त रंगद्रव्याचाही तिथे दाब असतो. त्यामुळे अंधारातल्या पानात प्रोटोक्लोरोफिलाइड असतं, पण अगदी थोडं. पानाचा पिवळा रंग त्याचा नसतो, तो कॅरोटिनॉइड्सचा.

याची एक जुनी, सुंदर चाचणी आहे आणि ती तुम्हालाही जमेल. अंधारातलं कापलेलं पान अंधारातच एएलएच्या द्रावणात ठेवा. काही तासांत त्यात प्रोटोक्लोरोफिलाइड इतकं साठतं की पान डोळ्यांनाही हिरवट दिसायला लागतं. याचा अर्थ एएलएच्या पुढची एन्झाइम्स अंधारात आधीच हजर आहेत आणि कामही करतात, अडसर फक्त सुरुवातीला होता. ‘प्रकाशामुळे एन्झाइम्स तयार होतात’ हे विधान सरसकट का घेता येत नाही, ते इथेच कळतं.

आता उजेडाच्या पहिल्या क्षणाकडे येऊ. पिवळ्या पानातलं लवक हे एटिओप्लास्ट, म्हणजे अजून हरितलवक न झालेलं लवक असतं आणि त्याच्या पोटात पटलाच्या बारीक नळ्यांची स्फटिकासारखी जाळी असते. तिला प्रोलॅमेलर बॉडी म्हणतात. या जाळीतलं सर्वांत मुबलक प्रथिन म्हणजे पीओआर. ते मोकळं फिरत नसतं. एका बाजूला एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा रेणू) आणि दुसऱ्या बाजूला प्रोटोक्लोरोफिलाइड धरून ते तयार बसलेलं असतं. प्रकाश पडला की अभिक्रिया होते. प्रकाश शोषून घेतं कोण? एन्झाइमच्या कुशीत बसलेलं रंगद्रव्यच. कॉस्की, फ्रेंच आणि स्मिथ यांनी १९५१ साली मक्याच्या अंधारात वाढवलेल्या रोपांवर कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परिणामकारक हे मोजलं, तेव्हा निळ्यात सुमारे ४४५ आणि तांबड्यात सुमारे ६५० नॅनोमीटरला शिखरं मिळाली. ही शिखरं प्रोटोक्लोरोफिलाइडच्या स्वतःच्या शोषणाशी जुळतात. कॅरोटिनॉइड नसलेल्या वर्णहीन मक्यावरही त्यांनी तेच केलं, म्हणजे पिवळ्या रंगद्रव्याचा यात हात नाही हेही स्पष्ट झालं.

म्हणून ‘प्रकाश एन्झाइमला सक्रिय करतो’ हे पुस्तकी वाक्य मला सैल वाटतं. प्रकाश इथे बटण दाबत नाही. प्रत्येक रेणूच्या प्रत्येक फेरीला त्याची नव्याने गरज असते. कच्च्या मालाइतकाच तो अभिक्रियेचा भाग आहे. अशी एन्झाइम्स निसर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. डीएनए दुरुस्त करणारं फोटोलायेज हे एक, आणि शैवालातलं, मेदाम्लांवर काम करणारं एक एन्झाइम २०१७ साली पुढे आलं, ते दुसरं. प्रकाशाची ही पायरी इतकी थेट आहे की ती गोठणबिंदूच्या बऱ्याच खालीही होते. थंडीत पान हिरवं होत नाही त्याचं कारण दुसरीकडे आहे, त्यावर पुढे येते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर असं करा. अंधाऱ्या खोलीत, अगदी मंद हिरव्या दिव्याखाली, पिवळी पाती बर्फावर ठेवलेल्या खलात ८० टक्के ॲसिटोन घालून घोटा. अर्क सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतला की वर स्वच्छ पिवळं द्रावण येतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्याला ६२६-६२८ नॅनोमीटरच्या आसपास एक बुटका उंचवटा दिसेल, आणि ६६३ ला जवळपास काहीच नाही. आता हीच क्युवेट (वाचन घ्यायची छोटी पारदर्शक नळी) मिनिटभर उजेडात धरा आणि पुन्हा वाचन घ्या. ६६३ ला काही उगवत नाही, कारण ॲसिटोनने प्रथिन मोडलंय आणि सुटं रंगद्रव्य प्रकाशात क्लोरोफिलाइड होत नाही. दुसऱ्या पात्यांवर मात्र घोटण्याआधी कॅमेऱ्याचा एक जोरदार फ्लॅश मारा आणि लगेच ॲसिटोनमध्ये टाका. ६२६ चा उंचवटा खचलेला आणि ६६३ ला नवा उभा राहिलेला दिसेल. पूर्ण सपाट होत नाही, कारण प्रोटोक्लोरोफिलाइडचा काही भाग एन्झाइमच्या पकडीत नसतो आणि त्याला फ्लॅश लागू पडत नाही. या दोन क्युवेट शेजारी ठेवल्या की प्रकाश, रंगद्रव्य आणि प्रथिन तिन्ही एकाच वेळी लागतात हे समजवायला तोंडी परीक्षेत दुसरं काही लागत नाही.

फ्लॅशनंतर जिवंत पानात काय चालतं ते १९५७ साली शिबाता यांनी टिपलं. नव्याने झालेल्या क्लोरोफिलाइडचं शोषण ६८४ नॅनोमीटरच्या आसपास असतं आणि साधारण अर्ध्या तासात ते ६७२ कडे सरकतं. रंगद्रव्य एन्झाइमच्या गठ्ठ्यातून मोकळं होण्याची ही खूण, शिबाता शिफ्ट या नावाने ती आजही ओळखतात. मग क्लोरोफिल सिंथेज हे एन्झाइम त्याला कार्बनच्या लांब साखळीची शेपूट जोडून क्लोरोफिल करतं, या पायरीला प्रकाश लागत नाही. दरम्यान रिकाम्या झालेल्या पीओआरवर नवं प्रोटोक्लोरोफिलाइड येऊन बसतं. फ्लॅश देऊन रोप पुन्हा अंधारात ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी अर्क काढला तर ६२६ चा उंचवटा हळूहळू परत वर येताना दिसतो.

(पाइनची रोपं अंधारातही हिरवी होतात, हे वाचून बरेच जण गोंधळतात. त्यांच्याकडे पीओआरबरोबर दुसरं, प्रकाश न लागणारं एन्झाइमही असतं. त्याची तीन जनुकं हरितलवकाच्या डीएनएत असतात आणि त्याची रचना नायट्रोजन स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेजशी मिळतीजुळती आहे. नीलहरित जीवाणू, शैवालं, शेवाळी यांच्यातही ते आढळतं. सपुष्प वनस्पतींनी ते गमावलं. गहू, काकडी, मका यांवर काम करताना ते विसरून जा.)

आता तुमचे ते दोन-तीन तास. पहिल्या क्षणी होता तेवढा साठा क्लोरोफिल झाला, पण तो इतका थोडा की डोळ्याला पान पिवळंच दिसतं. पुढचं क्लोरोफिल बनायला नवा माल हवा आणि नवा माल एएलएच्या वेगावर अवलंबून. तो वेग वाढायला जनुकं चालू व्हावी लागतात. इथे प्रकाशाचं दुसरं काम सुरू होतं आणि या कामाचा प्रकाशग्राहक पीओआरवरचं रंगद्रव्य नसून फायटोक्रोम, म्हणजे तांबडा प्रकाश ओळखणारं प्रथिन असतं. निळ्या प्रकाशाचे क्रिप्टोक्रोम मदतीला असतात.

अंधारात पीआयएफ नावाची प्रथिनं ही जनुकं दाबून धरतात. फायटोक्रोमला तांबडा प्रकाश मिळाला की ते केंद्रकात जातं, पीआयएफना खूण लागते आणि ती मोडीत निघतात. मग एएलएच्या पायरीचं जनुक हेमा-१, मॅग्नेशियम बसवणाऱ्या एन्झाइमचा मोठा घटक, क्लोरोफिल-बी बनवणारं एन्झाइम आणि क्लोरोफिल सांभाळणारी प्रकाश गोळा करणारी प्रथिनं, सगळ्यांचं उत्पादन वाढतं. तुमच्या मार्गदर्शकांचं वाक्य या गटाला चोख लागू पडतं. तुमचे पिवळे तास म्हणजे या उभारणीचा वेळ.

हे खरं आहे हे पडताळायचं असेल तर रोपांना पाच मिनिटं मंद तांबडा प्रकाश द्या, तीन-चार तास परत अंधारात ठेवा आणि मग पांढऱ्या उजेडात आणा. थांबण्याचा काळ जवळजवळ नाहीसा होतो, पान उजेडात येताच हिरवं व्हायला लागतं. तांबड्यानंतर लगेच दूर-तांबडा प्रकाश दिला तर हा फायदा बराचसा पुसला जातो. तांबडा चालू करतो आणि दूर-तांबडा बंद करतो, ही फायटोक्रोमची ओळखीची सही. तुमच्याकडे दूर-तांबडा एलईडी असेल तर प्रकल्पात हा एक प्रयोग हमखास घाला, सगळ्या प्रकल्पाचा कस त्याने वाढतो.

याच कारणाने अंधाऱ्या खोलीची शिस्त महत्त्वाची. फायटोक्रोम-ए इतकं संवेदनशील असतं की अगदी क्षणभराचा क्षीण प्रकाशही त्याला पुरतो. रोपं कशी आहेत हे बघायला कोणी मोबाइलचा टॉर्च लावला की तुमच्या ‘अंधारातल्या’ नमुन्यात जनुकं जागी झालेली असतात, आणि पान पिवळंच दिसत असल्यामुळे ते तुम्हाला कळतही नाही. हिरवा सेफलाइटही पूर्ण निर्धोक नसतो. तो मंद ठेवा, थोडाच वेळ लावा. नवरात्रातल्या घटाचं धान आठवून बघा. देवघराच्या कोपऱ्यात उगवलेले ते लांब, फिकट पिवळे कोंब दसऱ्याला आपण टोपीत खोवतो. पण नंदादीप अखंड तेवत असतो, त्यामुळे ते धान शास्त्राच्या काटेकोर अर्थाने अंधारात वाढलेलं नसतं. तेलाच्या ज्योतीत तांबडा भाग भरपूर असतो. त्या धानात फायटोक्रोमला निरोप मिळालेला असतो, फक्त रंग धरायला पुरेसा उजेड नसतो. ‘घरी घट बसतो, तिथलंच धान वापरू का’ असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं तेव्हा मी नको म्हटलं, ते याचसाठी.

शोधनिबंधातली ‘पीओआर नाहीसं होतं’ ही गोष्टही याच फायटोक्रोमशी निगडित आहे. आपेल यांनी १९८१ च्या सुमारास बार्लीवर दाखवलं की पिवळ्या रोपाला उजेड मिळाला की पीओआरचा संदेशवाहक आरएनए घटतो आणि यामागे फायटोक्रोम आहे. प्रथिनही काही तासांत झपाट्याने कमी होतं. तेव्हा हे कोडंच होतं, कारण हरितद्रव्याचं मोठं उत्पादन सुरू व्हायची आणि त्यासाठी अत्यावश्यक एन्झाइम गायब व्हायची वेळ एकच. १९९५ साली बार्ली आणि ॲराबिडॉप्सिस दोन्हींत पीओआर एक नसून दोन असल्याचं समोर आलं. पीओआर-ए अंधारात भरपूर असतं आणि उजेडात गळून जातं. पीओआर-बी अंधारातही असतं आणि उजेडातही टिकतं. ॲराबिडॉप्सिसमध्ये पुढे तिसरं, पीओआर-सी सापडलं. ते उजेडातच वाढतं, प्रकाश जितका प्रखर तितकं जास्त. म्हणजे एकाच कुटुंबातल्या तीन एन्झाइमवर प्रकाशाचे तीन परिणाम होतात, एक संपतं, एक तसंच राहतं, एक वाढतं. तुम्ही वाचलेला निबंध बहुधा पहिल्याबद्दल आहे.

पण एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण प्रश्नाचा खरा गाभा याच्या थोडा पलीकडे आहे. एन्झाइमचं प्रमाण आणि एन्झाइमचं काम ही दोन वेगळी मापं आहेत आणि या विषयात ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जाऊ शकतात. अंधारात पीओआर खूप असतं, काम शून्य. प्रत्येक रेणू एक प्रोटोक्लोरोफिलाइड धरून बसलेला. उजेडात रेणू मोजके उरतात, पण प्रत्येक जण एकामागून एक फेऱ्या मारतो. उजेडात हिरव्या होणाऱ्या पानाला पीओआर कमी पुरतं ते यामुळे. जाळीतलं पीओआर कच्चा माल धरलेला असताना प्रथिन मोडणाऱ्या एन्झाइमपासून बरंच सुरक्षित असतं. प्रकाशाने माल बदलला, गठ्ठा सुटला, की ते उघडं पडतं. म्हणजे कामाची पहिली फेरीच त्याच्या विघटनाची वाट मोकळी करते.

मग अंधारात ते इतकं साठवून ठेवण्याचं कारण काय? ते कळायला तुमचा पांढरा पडलेला ट्रे उपयोगी पडतो. सुटं प्रोटोक्लोरोफिलाइड प्रकाशात अत्यंत घातक असतं. ते ऊर्जा शोषतं, पण ती खर्च करायला जागा नसते, म्हणून ती ऑक्सिजनला देतं आणि त्यातून सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतो. तो जवळच्या पटलांतली मेदाम्लं आणि प्रथिनं जाळतो. पीओआरच्या पकडीतलं रंगद्रव्य मात्र ती ऊर्जा क्लोरोफिलाइड होण्यात वापरतं. मातीखालून वर येणाऱ्या कोंबाला ऊन कधी लागेल सांगता येत नाही. तेव्हा जेवढं रंगद्रव्य साठलंय तेवढं धरायला एन्झाइम हाताशी हवं.

हे संतुलन बिघडवलं की काय होतं याचे भक्कम पुरावे आहेत. पीआयएफ-१ नसलेली ॲराबिडॉप्सिसची रोपं अंधारात जास्त प्रोटोक्लोरोफिलाइड साठवतात आणि उजेडात आणली की पांढरी पडून मरतात, हे २००४ साली दाखवलं गेलं. फ्लू प्रथिन नसलेल्या रोपांचीही तीच गत. दूर-तांबड्या प्रकाशात वाढवलेल्या रोपांत फायटोक्रोममुळे पीओआर आधीच संपून जातं, पण तो प्रकाश प्रोटोक्लोरोफिलाइडला बदलू शकत नाही. अशी रोपं नंतर पांढऱ्या उजेडात हिरवी होत नाहीत. इलिनॉय विद्यापीठात रिबीझ यांनी १९८४ साली हाच धोका तणनाशक म्हणून वापरायची कल्पना मांडली. तणावर रात्री एएलए फवारायचं, अंधारात प्रोटोक्लोरोफिलाइड साठू द्यायचं, सकाळचं ऊन पुढचं काम करतं. आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बैष्णव चरण त्रिपाठी यांच्या गटाने सिंग्लेट ऑक्सिजनच्या या इजेवर आणि हरितद्रव्याच्या एन्झाइमवर दीर्घकाळ काम केलं आहे. पीओआर-सी जास्त बनवणाऱ्या रोपांना ही इजा कमी होते, हे त्यांनीच दाखवलं. संदर्भ शोधताना त्यांच्यापासून सुरुवात करा, गहू आणि काकडी ही त्यांच्या प्रयोगांतली पिकं आहेत.

आता तुमच्या ट्रेबद्दल नक्की बोलायचं तर कारण दोनपैकी एक किंवा दोन्ही. प्रयोगशाळेच्या दिव्याखाली रोपांना सेकंदाला चौरस मीटरमागे ५० ते १०० मायक्रोमोल प्रकाश मिळतो, भर दुपारच्या उन्हात तो २००० च्या घरात असतो. पिवळ्या पानाकडे अजून ऊर्जा खपवणारी प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच उभी नाही. त्याला एकदम एवढा प्रकाश म्हणजे इजाच. दुसरं कारण उष्णता. बंद काचेमागे ट्रेचं तापमान सहज ४० च्या पुढे जातं. त्रिपाठींच्या गटाने १९९८ साली ७ आणि ४२ अंशांवर काकडी व गव्हाची तुलना केली होती. काकडीत दोन्ही टोकांना हरितद्रव्य बनणं बरंच रोडावलं आणि एएलए बनण्याचा वेग घसरणं हे त्यातलं मोठं कारण होतं. गव्हातही परिणाम साधारण तसाच होता. मघाशी म्हटलं होतं ते हे. थंडीत प्रकाशाची पायरी अडत नाही, कच्चा माल पुरवणाऱ्या साध्या एन्झाइमच्या पायऱ्या मंदावतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगून ठेवते. रोपाचं वय सर्वांत महत्त्वाचं. तीन-चार दिवसांचं पिवळं रोप उजेडात जवळजवळ न थांबता हिरवं होतं. आठ-दहा दिवसांचं रोप जास्त वेळ घेतं, बियाण्यातला साठा संपत आलेला असतो तो वेगळाच. तुमचा दोन-तीन तासांचा आकडा तुमच्या वाणाचा, वयाचा आणि तापमानाचा आहे, तो गव्हाचा सार्वत्रिक आकडा म्हणून लिहू नका. गव्हाचं पान बुडातून वाढतं, म्हणजे टोक म्हातारं आणि बूड कोवळं. एकाच पानात सगळ्या वयाच्या पेशी असतात. म्हणून प्रत्येक वेळी तोच भाग घ्या. मी टोकाचा एक सेंटीमीटर सोडून पुढचे तीन सेंटीमीटर घेते. अख्खी पानं घोटली तर आलेख मागेपुढे उड्या मारतो आणि मग दोष एन्झाइमला दिला जातो.

मोजमापाबद्दल दोनच सूचना. बहुतेक महाविद्यालयांत आर्नन यांची १९४९ ची सूत्रं वापरतात, ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरची. हिरव्या पानाला ती चालतात. पहिल्या दोन तासांच्या नमुन्यांना ती लावू नका, कारण प्रोटोक्लोरोफिलाइडचं शोषण ६४५ पर्यंत पसरतं आणि क्लोरोफिल-बी आहे असा भास होतो. शिवाय क्लोरोफिलाइड आणि क्लोरोफिल-ए यांचा वर्णपट सारखाच असतो, शेपूट जोडली की नाही हे त्यावरून कळत नाही. ते वेगळं करायला ॲसिटोनचा अर्क हेक्सेनबरोबर हलवा. शेपूट असलेलं क्लोरोफिल वरच्या हेक्सेनमध्ये जातं, प्रोटोक्लोरोफिलाइड आणि क्लोरोफिलाइड खाली ॲसिटोनमध्येच राहतात. खालच्या थरात ६२६ ला काय दिसतं हेच तुमचं खरं मोजमाप. फ्लुओरिमीटर मिळाला तर फारच छान, इतक्या कमी प्रमाणात शोषणापेक्षा तो जास्त विश्वासाचा.

आणि प्रथिन मोजायचा विचार असेल तर एक सावधगिरी. पीओआर-ए आणि पीओआर-बी इतके सारखे आहेत की साधारण अँटिबॉडी दोन्ही पकडते. चाचणीत अँटिबॉडीने दाखवलेली पट्टी फिकट झाली म्हणजे ‘पीओआर संपलं’ असं लिहिता येत नाही, एकूण बेरीज घटली एवढंच म्हणता येतं. कोणतं घटलं ते सांगायला आरएनए पातळीवर प्रत्येकासाठी वेगळे प्रायमर लागतात.

थोडक्यात, तुमच्या निरीक्षणांची मांडणी मी अशी करेन: उजेडाच्या पहिल्या क्षणी साठ्यातलं प्रोटोक्लोरोफिलाइड पीओआरने क्लोरोफिलाइड केलं, इथे प्रकाश अभिक्रियेचा भाग होता. पुढच्या दोन-तीन तासांत फायटोक्रोमच्या निरोपाने एएलएचा पुरवठा आणि क्लोरोफिल सांभाळणारी प्रथिनं वाढली, त्याच वेळी अंधारातलं पीओआर-ए ओसरलं आणि उरलेल्या पीओआरने जास्त फेऱ्या करून उत्पादन चालवलं. खिडकीतल्या ट्रेमध्ये प्रकाश आणि बहुधा उष्णता यंत्रणा उभी राहण्याआधीच आली. यातलं पहिलं वाक्य तुम्ही फ्लॅशच्या प्रयोगाने सिद्ध करू शकता, दुसऱ्याचा अर्धा भाग तांबड्या-दूर-तांबड्या प्रकाशाने. पीओआर-ए ओसरल्याचा भाग तुम्ही मोजलेला नाही, तो निष्कर्षात न घालता चर्चेत, इतरांचं काम म्हणून घाला. ‘प्रकाशामुळे पीओआरचं प्रमाण वाढलं’ असं मात्र कुठेही लिहू नका, फक्त रंगद्रव्य मोजून ते म्हणता येत नाही.

राहिलं तिसरं वाक्य. त्यासाठी खिडकीचा प्रयोग पुन्हा करा, पण तीन ट्रे घेऊन. एक थेट उन्हात, एक त्याच खिडकीत शेडनेटच्या दोन पदरांखाली, आणि एक काळ्या कागदाने पूर्ण झाकून त्यांच्या शेजारी. प्रत्येकात पानांच्या उंचीवर थर्मामीटर ठेवा आणि दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. झाकलेला ट्रेही मलूल झाला तर मुख्य गुन्हेगार उष्णता. झाकलेला ताजातवाना राहिला, नेटखालचा हिरवा झाला आणि उघडा तेवढाच पांढरा पडला, तर सिंग्लेट ऑक्सिजनकडे बोट दाखवायला तुमच्याकडे आधार असेल. काळा कागद स्वतःही तापतो, म्हणून त्याच्या बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल लावा.